कायमची जागा

रघुवीर खरोटे कथा झकास लिहायचा, पण घर चालायचं ते पतसंस्थेचे चेअरमन आबासाहेब यांची भाषणं लिहून. एकदा भर वार्षिक सभेत त्यानं हात जोडले, "आबासाहेब, मला कायम करा की."

"अरे, मी काय रोज भाषण ठोकतो?" आबासाहेब मिशीत हसले. "रोज काम नाही, त्याला कायमची नोकरी कशी द्यायची?"

"मग चोर तरी कुठं रोज येतो? वॉचमन मात्र तुम्ही कायम ठेवलाय!"

सभेत हशा उसळला. आबासाहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी रघुवीरला कायम केलं, पण लेखकाची जागाच मंजूर नव्हती, म्हणून दुसरा वॉचमन म्हणून. घरच्यांकडे बघून त्यानं मुकाट्यानं गणवेश चढवला.

त्याचं ते उत्तर आमच्या बाजारपेठेत अजून सांगतात. त्याची एखादी कथा मात्र कुणालाच सांगता येत नाही.