बंगल्यावरचं ठाणं

धामणपूरच्या ठाण्यात शिपाई मोजकेच, आणि त्यातले निम्मे नगराध्यक्ष दौलतराव ठोंबऱ्यांच्या बंगल्यावर पहाऱ्याला. बाजारात पाकीटमार मोकाट! नव्या ठाणेदार सुनंदा मडावींनी माणसं परत मागितली, तसे दौलतराव उखडले, "उरलेलेही इकडेच पाठवा!"

"पाठवते की," मडावीबाई शांतपणे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या ओसरीवर ठाण्याची पाटी लागली. मागोमाग झिंगलेला गणपा, कचाकचा भांडणाऱ्या सासवा-सुना, चोरांकडून सोडवलेली बकरी अशी सगळी वरात आत शिरली.

"हे काय चालवलंय?" दौलतराव ओरडले.

"साहेब, पोलीस जिथे, ठाणं तिथे. कोठडीसाठी तुमची बैठक रिकामी करू, की देवघराशेजारची खोली?"

संध्याकाळी फाटकावर दौलतरावांचा कुत्रा तेवढा उरला. बाजारात पोलिसांची शिट्टी घुमली आणि पाकीटमारांनी मिळेल ती एसटी धरली.