भुरीचा दात

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव कोंडिबा. कापड तेवढं सरळ कापायचा, बाकी सगळा आनंदच. त्याची बायको सगुणा हिचा भुरी मांजरीवर नवऱ्यापेक्षा अंमळ जास्त जीव. भुरीचा दात किडला, ती काही खाईना. नेमकं तेव्हाच आईच्या दुखण्यापायी सगुणाला माहेरी जावं लागलं. जाताना तिने बजावलं, "मी येईन तेव्हा दात निघालेला दिसला पाहिजे. नाहीतर आल्या पावली परत जाईन." कोंडिबाला तर चहासुद्धा करता येत नव्हता.

गुरांचे डॉक्टर दर बाजारच्या दिवशी गावात यायचे. कोंडिबाने भुरीला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी भुरीच्या तोंडाला हात लावला आणि तिने तो बोचकारून काढला. मग डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. एक झोपेची, एक अंग खाजतं तेव्हा देतात ती, तिनेही गुंगी येते. दोन्ही मापून दिल्यात, पुढच्या बाजारी सकाळी एकत्रच दे, लपवून दे आणि मध्ये आपली अक्कल लावू नको, असं त्यांनी सांगितलं. ती शेवटची अट कोंडिबाला फार सोपी वाटली.

घरी येऊन त्याने गोळ्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी लपवल्या आणि वर कुलूप लावलं. पुढच्या बाजारी भुरी टक्क जागी. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. मांजराला आवडतं त्यात लपवायच्या, माशात, असं म्हणून नव्या गोळ्या दिल्या.

कोंडिबाने नदीवरून जिवंत मरळ मासा आणला, घमेल्यात सोडला आणि दोन्ही गोळ्या त्याच्या तोंडात कोंबल्या. मासा उताणा झाला. भुरी काठावर बसून बघत राहिली. कोंडिबाने मासा टोपलीत घालून नेला आणि म्हणाला, झोपलाय, आता काढा.

डॉक्टरांनी टोपली परत त्याच्या हातात दिली. मग म्हणाले, "ज्याचा दात काढायचा, त्यालाच गोळ्या. एवढं तरी ध्यानात ठेव. लहान पोराला देतात तशा दे."

कोंडिबाने ते ध्यानात ठेवलं. पोराला औषध कसं देतात, हे शेजारच्या ताराआत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी आपण खाऊन दाखवायचं, वा वा म्हणायचं, मग पोर मुकाट खातं. बाजारच्या दिवशी सकाळी कोंडिबा भुरीसमोर मांडी घालून बसला. दोन्ही गोळ्या खाल्ल्या, एकत्रच. मग वा वा म्हणता म्हणता आडवा झाला.

तेवढ्यात सगुणा आली. नवरा निपचित, त्याच्या छातीवर मांजर. हलवलं तरी उठेना. ती घाबरून रडायलाच लागली. शेजाऱ्यांनी त्याला हातगाडीवर घातलं, तिने भुरीला काखेत मारलं आणि सगळी वरात बाजारात डॉक्टरांपुढे आली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, तोंडावर गार पाणी मारलं. कोंडिबाने अर्धे डोळे उघडले. समोर डॉक्टर दिसले, बाजूला बायको दिसली.

"डॉक्टर, या खेपेला काही चुकलं नाही. गोळ्या मीच खाल्ल्यात," तो म्हणाला आणि त्याने आ वासला. "काढा आता. हिला दात निघालेला दिसला पाहिजे."