ओल्या भिंतीवरचं शेत

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाच्या ध्यानात नाही. तिथे एक बाई काचेवर उजेड धरायची. समोर असेल ते काचेवर जसंच्या तसं उमटायचं, आणि काचेमागे दिवा लावला की भिंतीभर पसरायचं. लोक तिला उजेडवाली म्हणत. कौतुक ऐकून ऐकून ती जराशी फुगली होती. तुम्ही-आम्ही नसतो का फुगलो?

राजाची म्हातारी आई शेतकऱ्याची लेक. ती अंथरुणाला खिळली होती, आणि आता तिने अन्नही सोडलं होतं. "मला माझ्या म्हायेरच्या शेतात ने रं," एवढंच मुलाला म्हणायची. वैद्य म्हणाले, प्रवास झेपायचा नाही. राजाने उजेडवालीला बोलावलं.

"बाई, ते शेत इथे आणा. माझी आई वाचवा."

उजेडवाली गेली. शेत नुकतं नांगरलेलं होतं, ओलं, काळंभोर. ती बांधावरच थांबली. नव्या वहाणा चिखलात कोण घालणार! तिथूनच तिने काचांवर उजेड धरला.

आईसाहेबांच्या दालनाला पांढराशुभ्र चुना दिला आणि चारी भिंतींवर शेत पसरलं. दरबारी तोंडात बोटं घालून पाहत राहिले. म्हातारीने मात्र कूस बदलली.

"लई देखणं हाय गं. पर हे बांधावरच्या पाव्हण्याचं शेत. माझं न्हवं."

उजेडवालीला राग आला. राग ओसरला तशी लाज वाटली. ती परत गेली, वहाणा काढल्या आणि शेतात उतरली. पाय घोट्यापर्यंत रुतले. गुडघे टेकून, खुरपणारी बाई पाहते तितक्या खालून, तिने पुन्हा उजेड धरला. मग त्याच शेतातली गाडीभर माती आणून त्या पांढऱ्या भिंती लिंपून काढल्या.

काळ्या भिंतीवर उजेड मंद पडला. "काहीच दिसेना की!" दरबारी कुजबुजले.

म्हातारीने खोल श्वास घेतला. हात लांबवून ओल्या भिंतीवर तळवा टेकवला. नांगराने पाडलेल्या तासांचा उजेड तिच्या बोटांवरून सरकला, आणि तिचे डोळे भरून आले.

"हितंच आयनं मला तूर पेराया शिकवली," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली. "बाळा, भूक लागली रं. भाकर हाय का?"

राजा स्वतःच मुदपाकखान्याकडे धावला. त्या गडबडीत उजेडवालीचं कौतुक करायचं सगळे विसरले. ती चिखलाच्या पायांनी कोपऱ्यात उभी होती, आणि रडता रडता हसत होती.

ज्या मातीत आपले पाय मळले नाहीत, तिचं चित्र कुणाच्या काळजाला भिडत नाही.