टर्बो आणि गप्प पाइप

गाड्या अजून माणसांशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या रंगनाथभाऊंची डिझेल पिकअप एकाएकी चढावर दमू लागली.

"हा टर्बोच आळशी! मला हवा पुरवत नाही," इंजिन ओरडलं. भाऊ टर्बो काढून भंगारात द्यायला निघाले.

"अहो, मी मिनिटाला लाखभर गिरक्या घेतो," टर्बो रडवेला झाला. "हवा पाठवतोच आहे. वाटेत जाते कुठे, ते विचारा ना!"

वाटेतला रबरी पाइप मात्र गप्प.

गाडी बघायला बोलावलेल्या याकूबमिस्त्रींनी काहीच खोललं नाही. इंजिन रेस करायला लावलं आणि पाइपावर साबणाचं पाणी शिंपडलं. आम्ही शेजारीपाजारी श्वास रोखून वाकलो. एक फुगा आला, मग दुसरा, मग सप्तरंगी फुग्यांचा झुबकाच! लाखभर गिरक्यांची हवा तिथून निघून चालली होती.

भोक होतं लिंबू-मिरचीच्या तारेखाली. गाडीला नजर लागू नये म्हणून भाऊंनीच ती तार पाइपाला आवळली होती.

"अरे, बोलला का नाहीस?" टर्बोने विचारलं.

"मालकांनी मायेनं बांधली होती रे," पाइप पुटपुटला. "तक्रार कशी करणार?"

भाऊंनी टर्बोवरून हात फिरवला आणि हळूच पक्कड मागितली.