तुळईला पडलेली भेग

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी सिमेंटचं एक तीन मजली घर होतं. त्यातली एक तुळई मोठी मानी होती. तिच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

एका सकाळी जमीन हलू लागली. वरच्या मजल्यावरची गिरजा लेकीला कडेवर घेऊन जिन्याकडे धावली. तुळईखालचा खांब कण्हत म्हणाला, "तुळईबाई, थोडं वाका. सगळा हिसका माझ्यावर येतोय."

"मी वाकू? लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला फार तर भेग पडेल. मी मोडलो, तर सगळं घर त्या मायलेकींच्या अंगावर येईल."

जिन्यात लेकरू रडत होतं. तुळईने अंग सैल सोडलं. टोकाशी कडकन भेग पडली, आतल्या सळ्या वाकल्या, पण तुटल्या नाहीत. गिरजा अंगणात पोचली.

पुढे पाहणीला इंजिनिअरबाई आल्या. घरमालक चिडून म्हणाला, "ही तुळईच कच्ची निघाली."

"कच्ची नाही. ती तडकली म्हणून खांब वाचला," बाई म्हणाल्या. तुळईला टेकू द्यायला सांगून त्या शेजारच्या घराकडे वळल्या. तिथे नुसता ढिगारा होता. मोडलेल्या खांबांवर तुळया पडल्या होत्या, एकीलाही भेग नव्हती.