पागोळ्यांची साक्ष

भागूने सासऱ्यांच्या वेळचं घर नव्याने शाकारायला काढलं. वासे कुजले होते म्हणून सगळी कौलं उतरवली, आणि शेजारच्या बापूजी खोतांनी नेमका तोच मोका साधला. गावचा रिवाज असा की छपराच्या पागोळ्या जिथवर गळतात, तिथवरची जमीन त्या घराची.

"छप्परच नाही, तर पागोळ्या कसल्या?" खोत पंचांसमोर मिशीला पीळ देत म्हणाले. "भिंतीला लागून माझी हद्द. एक कौल बाहेर आलेलं चालणार नाही."

वळचण नसली तर मातीची भिंत एका पावसाळ्यात बसणार, हे भागू जाणून होती.

"पागोळ्या कुठे पडायच्या, याला साक्षीदार आहे?" पंचांनी विचारलं.

"आहेत की. पण त्यांना चालता येत नाही. तुम्हीच चला."

भिंतीपासून दोन हातांवर तिने खराट्याने पाचोळा लोटला. खालच्या चिऱ्यांवर बोटभर खोल खळग्यांची सरळ ओळ उघडी पडली. साठ पावसाळ्यांनी थेंबाथेंबाने कोरलेली.

खोत हसले. "काल छिन्नीने पाडलेस तू हे!"

भागूने पदर खोचला. "असेल बापूजी. मग तुमच्या ओटीपुढची पागोळ्यांची ओळही छिन्नीचीच, आणि तिथवरची जागा तुमची नव्हे, गावची. दोन्ही ओळी खऱ्या, नाहीतर दोन्ही खोट्या. तुम्हीच सांगा."

खोतांनी आपल्या ओटीकडे पाहिलं. मिशीवरचा हात खाली आला.

"खऱ्या," ते पुटपुटले.

भागूने आढ्यावरच्या सुताराला हाक दिली, "ऐकलंस ना रे? वासे दोन हात बाहेर काढ. खोतांचा हुकूम आहे!"