मागचा मसाला कसा झाला?

ऐक गं भवानीआई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. मोबाईल पालथे घाला, पंख्याखाली ढकलाढकली नंतर करा.

आटपाट नगर होतं. नगराला बाजार होता, बाजाराला बोळ होता, बोळात द्वारकाबाईचं मसाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी नि चार बरण्या. घरी एक लेक, ताटात नुसती पेज. दुपार कलली तरी भवानी होईना, म्हणजे दिवसाची पहिली विक्रीसुद्धा नाही.

मग एक म्हातारी आली. छटाकभर मसाला घेतला. द्वारकाबाईनं पैसे कपाळाला लावले. म्हातारी म्हणाली, "बाई बाई, वसा घेशील?"

"काय असतो तो वसा?"

"गिऱ्हाईक आलं की आधी विचारावं, मागचा मसाला कसा झाला? मग गुमान ऐकावं. मध्ये तोंड उघडू नये. मग चुकलं ते नीट करावं. मग नवा विकावा. आणि चार पैसे आले म्हणून फुगू नकोस!"

द्वारकाबाईनं वसा घेतला. कुणी म्हणालं जहाल, तिनं मिरची कमी केली. कुणी म्हणालं उग्र, तिनं लवंग कमी केली. फळीचा गाळा झाला, गाळ्यावर मजला चढला, चार बाया कामाला लागल्या.

मग आला भाचा, सुजीत. धंदा कसा वाढवायचा ते हॉटेलातल्या शिबिरात बसून तीन दिवस शिकला होता. म्हणतो कसा, "मावशी, विचारत काय बसतेस? नवं गिऱ्हाईक पकड. जुनं कुठं जातंय?"

जुनं कुठं जातंय! जुनं काय खुंट्याला बांधलंय?

मग पाटी लागली: नव्या गिऱ्हाइकाला स्टीलची वाटी फुकट. द्वारकाबाई काचेच्या खोलीत बसली. भट्टीवाली सांगायला आली, "बाई, कढई करपतीय." "सुजीतला सांग." वसा टाकला!

मग तीच म्हातारी आली, गल्ल्यावर सुजीत. "पोरा, मसाला करपट लागतोय."

"आजी, वाटी नव्यांनाच."

"वाटी घाल चुलीत! ऐकून घे."

"तक्रार फॉर्मवर लिहा."

दुसऱ्यांदा आली, तर फॉर्म संपले होते. तिसऱ्यांदा सुनेचा गॉगल लावून आली. म्हणाली, "मी नवी." तर काय विचारता! "या ना मॅडम!" खुर्ची आली, सरबत आलं, वाटी आली.

म्हातारी भडकली. "वीस वर्षं आले, पाणी विचारलं नाहीस. गॉगल लावला तर सरबत?" वाटी उंबऱ्यावर आपटली नि चालती झाली.

मग नव्यांनी वाट्या नेल्या, ते परत फिरकले नाहीत. जुने रुसले, तेही फिरकले नाहीत. बाया घरी बसल्या. ताटात पुन्हा पेज. एके दिवशी द्वारकाबाईनं आपलाच मसाला आमटीत घातला. पहिला घास कडू.

"अगं, हा असा कधीपासून?"

लेक म्हणाली, "सहा महिने झाले, आई. तू विचारलंस कुठं?"

मग द्वारकाबाई उठली, जुन्या गिऱ्हाइकांकडे निघाली. पहिल्या घरी गेली, दार लागलं. दुसऱ्या घरी गेली, "आज बरी आठवण झाली!" म्हणून टोमणा मिळाला. तिसऱ्या घरी म्हातारी ओट्यावर बसली होती.

"आजी, मागचा मसाला कसा झाला?"

म्हातारीनं तोंड सोडलं. करपट म्हणाली, माजलीस म्हणाली, काचेत काय मासा होऊन बसलीस म्हणाली. द्वारकाबाईच्या अगदी ओठावर आलं, "तो सुजीतच..." तिनं गिळलं. सगळं ऐकलं. म्हणाली, "सांगितलंत, बरं केलंत."

मग पाटी उतरली. काचेची खोली रिकामी झाली. करपलेला मसाला उकिरड्यावर गेला. सुजीत कढईपाशी उभा राहिला, नाकातोंडात ठसका, शिकू दे! सकाळी म्हातारीच आली, छटाकभर घेऊन गेली. आठवड्यानं पुन्हा आली.

"कसा झाला?"

"मीठ कमी."

द्वारकाबाईचे डोळे भरले. गिऱ्हाईक भांडायला परत आलं होतं!

जशी भवानी तिला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. आणि ज्यांना विचारायला कमीपणा वाटतो, त्यांच्या आमटीत तोच करपट मसाला पडो. साठां उत्तरांची ही कहाणी, पांचा उत्तरांत उरकली, सुफळ संपूर्ण. कशी झाली, ते सांगून मगच प्रसाद घ्या.